धुक्याची वाटणी

२०११ साली प्रदर्शित झालेल्या ‘राइज ऑफ द प्लॅनेट ऑफ द एप्स’ या चित्रपटाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर वानरांची आणि पोलिसांची जी चकमक उडते, ती दाट धुक्यात उडते. वानर त्या धुक्यात शिरतात, अर्धेमुर्धे बाहेर येतात, एखाद्याचा हात धुक्याच्या अलीकडे असतो तर पाठ पलीकडे, आणि अंगावरच्या केसांच्या टोकांशी ते धुके असे बिलगलेले असते की, वानर आणि धुके या दोन वस्तू निरनिराळ्या माणसांनी, निरनिराळ्या विभागांत बसून घडविल्या असतील अशी शंकासुद्धा प्रेक्षकाच्या मनाला शिवत नाही. न्यूझीलंडमधील वेलिंग्टन येथल्या वेटा डिजिटल या संस्थेत ते वानर घडले. आणि त्यांना धुक्यात कालविण्याची जी पद्धत त्या संस्थेत तोवर रुळली होती, तिचा परिचय करून देणे हा या लेखाचा उद्देश आहे.

त्या धुक्याविषयी विचारावयाचा प्रश्न वरकरणी बालिश वाटेल: ते वानराच्या पुढे आहे की मागे? चित्रे एकमेकांवर रचण्याची जी विद्या, जिला या धंद्यात कॉम्पोझिटिंग आणि रोजच्या बोलण्यात नुसते ‘कॉम्प’ म्हणतात, तिचा सारा कारभार दीर्घकाळ एका गृहीतावर चालत आला. ते गृहीत असे की, कोणती वस्तू पुढची आणि कोणती मागची हे काम हाती घेण्यापूर्वीच मुकरर झालेले असते. सर्वांत मागे आकाश, त्यावर डोंगर, डोंगरावर नट, आणि फारच हौस असली तर नटापुढे झाडाची एक फांदी. धुके ही शिस्त मुळातच मानीत नाही. ते वानराच्या पुढे आहे, मागे आहे आणि त्याच्या काखेतही आहे. म्हणून पुढे ठेवा की मागे, दोन्ही उत्तरे सारखीच चुकीची ठरतात.

या गृहीताचे मूळ फिल्मच्या जमान्यात आहे. भिंगापुढचा काही भाग काळ्या आच्छादनाने झाकून फिल्म एकदा चालवावयाची, मग ती उलटी गुंडाळून, झाकलेले उघडे करून आणि उघडे झाकून, दुसऱ्यांदा चालवावयाची, ही युक्ती पॅरिसच्या जॉर्ज मेलिएसने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच पडद्यावर आणली. त्या आच्छादनाला मॅट म्हणत, आणि पुढे यावयाच्या वस्तूची जागा कोरी राखून ठेवणाऱ्या मॅटला होल्डआउट म्हणत. हे दोन्ही शब्द आजच्या संगणकी दप्तरातही जसेच्या तसे चालू आहेत. १९१८ साली अमेरिकेत फ्रँक विल्यम्सने हलत्या नटाबरोबर हलणाऱ्या मॅटचे पेटंट घेतले. आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांच्या पौराणिक चित्रपटांत आणि पुढे प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकोबांना वैकुंठाला नेणारे विमान आकाशी चढते त्या प्रसंगी प्रेक्षक हात जोडीत, तेव्हा त्या भक्तिभावाच्या पाठीशी असल्याच युक्त्यांचे काटेकोर गणित उभे असे. विमान आणि आकाश यांच्या दरम्यान जे काही घडते त्याचा निर्णय फिल्म धुण्यापूर्वी व्हावा लागे, आणि तो एकदा झाला की फिरविण्याची मुभा नसे.

संगणक आल्यावर हे आच्छादन संख्येत उतरले. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये १९७७ च्या सुमारास आल्व्ही रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी लाल, हिरवा, निळा या तीन रंगांबरोबर प्रत्येक पिक्सेलची अपारदर्शकता सांगणारी चौथी संख्या चित्रातच साठविण्याची प्रथा पाडली. तिला अल्फा हे नाव मिळाले. शून्य म्हणजे पूर्ण पारदर्शक, एक म्हणजे पूर्ण अपारदर्शक, आणि मधले सारे अंशतः. १९८४ मध्ये लुकासफिल्ममधील टॉम पोर्टर आणि टॉम डफ यांनी ‘कॉम्पोझिटिंग डिजिटल इमेजेस’ या निबंधात अशा दोन चित्रांच्या संयोगाचे बीजगणित मांडले. पुढच्या चित्राचा रंग पूर्ण घ्या, आणि पुढच्याने जितके झाकले नसेल तितक्या प्रमाणात मागच्याचा त्यात मिळवा, हा त्यातला मुख्य नियम. जगातील प्रत्येक कॉम्प आजही या नियमाबरहुकूम चालतो, आणि १९९६ साली या चौघांना अमेरिकन चित्रपट अकादमीने तांत्रिक पुरस्कार दिला तो यथायोग्यच होता.

तथापि या बीजगणितात एक कायमची हानी दडलेली आहे. दोन चित्रे एकत्र झाली की त्यांच्या जागी एक रंग आणि एक अल्फा उरतो. त्या रंगात कोणाचा किती वाटा होता आणि कोण कोणाच्या पुढे होते, हे ज्ञान त्या क्षणी नष्ट होते. १९८५ मध्ये डफ यांनी स्वतःच प्रत्येक पिक्सेलला अंतराची एक संख्या जोडून पाहिली, परंतु एका पिक्सेलला एकच अंतर हा बंदोबस्त कडेच्या पिक्सेलपाशी कोसळतो. ज्या पिक्सेलचा अर्धा भाग तीन मीटरवरच्या केसाने आणि अर्धा शंभर मीटरवरच्या डोंगराने व्यापला आहे, त्याचे अंतर कोणते? सरासरी काढली तर सुमारे एकावन्न मीटर, आणि तेथे तर कोणीच नाही. गंमत अशी की, या पेचाचे उत्तर त्याच लुकासफिल्ममध्ये आदल्याच वर्षी तयार झालेले होते: लोरेन कार्पेंटर यांनी १९८४ मध्ये ए-बफर नावाची रीत मांडली होती, जीत एका पिक्सेलच्या पोटात शिरणाऱ्या सर्व तुकड्यांची यादी ठेविली जाई. पण ती यादी चित्र रेखाटण्यापुरतीच. काम संपले की ती टाकून द्यावयाची. ती जपून ठेवून पुढल्या माणसाच्या हाती सोपविण्याइतकी स्मृती त्या काळच्या यंत्रांत नव्हती.

मधली पंधरा-सोळा वर्षे मी येथे ओलांडतो. २००० साली पिक्सारच्या टॉम लोकोविक आणि एरिक वीच यांनी जो निबंध वाचला तो चित्राविषयी नव्हता, सावलीविषयी होता. केसांच्या झुपक्यातून किंवा धुरातून जाणारा प्रकाश एकदम अडत नाही, क्रमाक्रमाने क्षीण होतो. म्हणून दिव्याच्या जागी उभे राहून प्रत्येक दिशेला, किती खोलीवर किती प्रकाश शिल्लक उरला, याची पूर्ण नोंद ठेवावी असे त्यांनी सुचविले. हीच नोंद दिव्याऐवजी कॅमेऱ्याच्या जागी उभे राहून केली तर? या प्रश्नातून डीप कॉम्पोझिटिंगचा जन्म झाला, आणि त्याच्या पालनपोषणात वेटाच्या पीटर हिलमन यांचा वाटा मोठा आहे. ‘अवतार’च्या (२००९) अरण्यात, जेथे पान, वेल, धूळ आणि प्राणी एकमेकांत गुंतलेले आहेत, ही पद्धत मोठ्या प्रमाणावर राबविली गेली.

डीप चित्र म्हणजे काय हे महाराष्ट्रातल्या वाचकाला सांगावयास सातबाराचा उतारा पुरेसा आहे. साध्या चित्रातील पिक्सेल म्हणजे नुसती एकूण आकारणी: एवढ्या जमिनीचा एवढा सारा, बाकी विचारू नका. डीप चित्रातील पिक्सेल म्हणजे संपूर्ण उतारा, ज्यात प्रत्येक खातेदाराचे नाव, त्याचा हिस्सा आणि त्याची हद्द नमूद आहे. या प्रत्येक नोंदीला सॅम्पल म्हणतात. तिच्यात रंग असतो, अल्फा असतो, आणि अंतर असते. धुक्यासारख्या जाडी असलेल्या पदार्थाच्या नोंदीत कोठून कोठवर अशी दोन अंतरे असतात. आकाशाच्या पिक्सेलमध्ये एखादीही नोंद नसेल, तर वानराच्या खांद्यावरच्या एका पिक्सेलमध्ये शेकड्याने असतील.

ही वाटणी किती चोख होते हे एका उदाहरणाने दाखवितो. वाचकाने आकड्यांना भिऊ नये. समजा, एका पिक्सेलमध्ये दहा मीटरपासून वीस मीटरपर्यंत धुके पसरले आहे आणि त्याचा एकूण अल्फा ०.७५ आहे, म्हणजे मागच्या प्रकाशाचा केवळ चौथा हिस्सा त्यातून पार होतो. बरोबर पंधरा मीटरवर वानराचा एक केस आहे, त्याचा अल्फा ०.५. धुके केसापाशी दुभंगले पाहिजे. पण ०.७५ चे निम्मे ०.३७५ असे करून चालत नाही, कारण धुके बेरजेने दाट होत नाही, गुणाकाराने होते: निम्म्या जाडीतून निम्मा प्रकाश पार होतो, उरलेल्या निम्म्या जाडीतून त्याच्याही निम्मा, आणि अर्ध्याचा अर्धा तो चौथा. सबब प्रत्येक अर्ध्या धुक्याचा अल्फा ०.५ येतो. आता पुढचे धुके ०.५ घेते, उरलेल्या ०.५ मधून केस ०.२५ घेतो; उरलेल्या ०.२५ मधून मागचे धुके ०.१२५ घेते. धुक्याच्या पदरात एकूण ०.६२५ पडले, केसाच्या पदरात ०.२५. जुन्या रीतीने केस संपूर्णपणे धुक्यापुढे ठेवला असता तर त्याला ०.५ मिळाले असते, मागे ठेवला असता तर ०.१२५. एक अतिरेकी, दुसरा कंजूष. आणि मधले खरे उत्तर सपाट चित्रातून कोणत्याही युक्तीने काढता येत नाही, कारण ते काढण्याचे साधनच तेथे उरलेले नसते.

येणेप्रमाणे दोन डीप चित्रे एकत्र करणे, ज्याला डीप मर्ज म्हणतात, ही तत्त्वतः अगदी सोपी गोष्ट होते: दोन्ही याद्यांतील नोंदी एकत्र करावयाच्या, अंतराप्रमाणे लावावयाच्या, जेथे हद्दी एकमेकींत घुसतात तेथे वर दाखविल्याप्रमाणे फोड करावयाची. कोणते चित्र वरचे आणि कोणते खालचे हा प्रश्नच उद्भवत नाही. व्यवहारात याचा अर्थ मोठा आहे. पूर्वी वानराचा अभिनय बदलला की धुक्याच्या विभागाला नव्या होल्डआउटसह धुके पुन्हा रेंडर करावे, म्हणजे संगणकाकडून नव्याने रेखाटून घ्यावे, लागे, आणि धुके बदलले की उलट; एका विभागाची दुरुस्ती म्हणजे तिघांची जागरणे. आता प्रत्येक विभाग आपले चित्र एकट्याने, दुसऱ्याची वाट न पाहता काढतो, आणि पुढे-मागेचा निवाडा अगदी शेवटच्या टेबलावर होतो. ही पद्धत चित्र अधिक खरे करते म्हणून तिची वाखाणणी करतात. माझ्या मते तिची खरी थोरवी निर्णय लांबणीवर टाकण्यात आहे, आणि ज्या धंद्यात दिग्दर्शकाचे मन प्रदर्शनाच्या आदल्या महिन्यापर्यंत बदलत असते, तेथे हा गुण सौंदर्यापेक्षा कमी मोलाचा नाही.

मुंबईच्या गोरेगाव-मालाड पट्ट्यात परदेशी चित्रपटांची अशी कामे करणारे स्टुडिओ आहेत. त्यांपैकी एकात, पडदे ओढून अंधार केलेल्या दालनात, साताऱ्याकडच्या एका तरुण कॉम्पोझिटरने मला न्यूक या प्रणालीत (जीत प्रत्येक क्रियेचा एक ठोकळा, म्हणजे नोड, असतो) उघडलेला एक शॉट दाखविला: उंच गवतातून धावणारा एक प्राणी आणि त्याच्या पायांशी उडणारी धूळ. प्राण्याच्या केसांभोवती एक बारीक, काळपट रेघ दिसत होती. “सर, ही रेघ बघा,” तो म्हणाला, “नवीन आलेला प्रत्येक जण ही काढतोच. होल्डआउट बरोबर असतो. चूक पुढच्या नोडमध्ये असते.” त्याने पडद्यावरची एक जोडणी बदलली आणि रेघ नाहीशी झाली. कारण असे: होल्डआउट म्हणजे केसाने जेवढे झाकले तेवढे धुळीतून आधीच वजा केलेले असते. केसाचा अल्फा ०.५ असेल आणि मागची धूळ पूर्ण दाट असेल, तर धुळीचा ०.५ उरतो, आणि दोहोंची साधी बेरीज केली की पिक्सेल भरून येतो. परंतु सवयीने पोर्टर-डफचा नियम लावला तर केस धुळीला दुसऱ्यांदा झाकतो, तिच्या ०.५ चे ०.२५ करतो, आणि एकूण ०.७५ भरते, उरलेला चौथा हिस्सा काळोखाचा. एकच कर दोनदा वसूल झाल्याची ती खूण. आमचे बोलणे कानावर पडून पलीकडच्या खुर्चीवरील ज्येष्ठ बाई मान न वळविता म्हणाल्या, “त्यांना मास्कचं पण दाखव रे. मर्ज काय, सगळ्यांना येतो.”

बाईंचे म्हणणे खरे होते. मर्जमध्ये सारे यंत्र करते. मास्क मात्र माणसाचा हात काढतो, आणि हात काढतो तो पडद्याच्या सपाट पृष्ठावर. कलावंताने एखाद्या भागाभोवती रेघ ओढून ‘एवढेच निम्मे पुसा’ असे म्हटले, तर त्या आज्ञेत खोलीचा उल्लेख नसतो. पिक्सेलमधील शंभर नोंदींपैकी कोणत्या नोंदीने किती सोसावे? प्रत्येकीचा अल्फा निम्मा करावा, हे सरळ उत्तर. पण ते चुकते. एकामागे एक अशा ०.५ अल्फाच्या दोन नोंदी मिळून ०.७५ होतात, त्याचे निम्मे ०.३७५. उलट प्रत्येक नोंद निम्मी करून ०.२५ केली तर दोघी मिळून ०.४३७५ होतात, म्हणजे निम्मे पुसावयाचे होते त्यापेक्षा कमी पुसले जाते, आणि नोंदी जितक्या अधिक तितकी ही तूट वाढत जाते. ज्याच्या अंगावर केस दाट तो मास्कला अधिक दाद देणार नाही. रेघेच्या मऊ कडेवर त्याचे ओरखडे दिसू लागतात. खरा उपाय असा की, आधी एकूण किती उरावयास हवे ते ठरवावे, आणि ती बेरीज साधेल अशा घातांकाने सर्व नोंदी सारख्या प्रमाणात पातळ कराव्यात. वरच्या उदाहरणात प्रत्येक नोंद सुमारे ०.२०९ वर येते आणि हिशेब जुळतो. न्यूकमधील डीपरिकलर नावाच्या नोडमध्ये एकूण अल्फा बाहेरून लादण्याची जी सोय आहे, तिचा उपयोग जाणते लोक यासाठीच करतात.

उलटपक्षी, मास्क हाताने न काढता खोलीनेच ठरविला तर डीपचे सामर्थ्य उघड होते. पन्नास मीटरच्या पलीकडचे सारे किंचित निळसर करा, एवढे सांगितले की प्रत्येक नोंद आपापले अंतर पाहून आज्ञा पाळते, आणि केसाच्या कडेला शंकेची जागा राहत नाही. कॅमेऱ्याची जागा ठाऊक असल्यास प्रत्येक नोंद अवकाशातील एक बिंदू होते, मग पुलाच्या एका कमानीभोवती काल्पनिक पेटी मांडून त्या पेटीपुरतेच धुके विरळ करता येते. २०१५ साली सायऑप या संस्थेने प्रसिद्ध केलेली क्रिप्टोमॅट ही रीत दुसऱ्या बाजूने याच गरजेला भिडली: कोणत्या वस्तूने पिक्सेलचा किती भाग व्यापला हे ती नावानिशी सांगते, पण कोण पुढे हे सांगत नाही. पुष्कळशा कामांना तेवढे पुरते, आणि ती डीपपेक्षा कितीतरी हलकी आहे.

हलकेपणाचा प्रश्न येथे थट्टेचा नाही. पूर्ण एचडी चौकटीत २०,७३,६०० पिक्सेल असतात. तीन रंग आणि अल्फा मिळून प्रत्येकी आठ बाइट धरले तर सपाट चौकट न दाबता सुमारे १६.६ एमबीची होते. डीपमध्ये एका नोंदीला दोन अंतरांसह सोळा बाइट लागतात, आणि प्रत्येक पिक्सेलला शंभर नोंदी धरल्या तर एक चौकट सुमारे ३.३ जीबीची, म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद जवळजवळ ८० जीबीचा. प्रत्यक्षात सर्व पिक्सेल इतके भरलेले नसतात. तथापि स्टुडिओच्या साठवण-खात्याचा डीपविषयी जो आकस असतो तो निराधार नाही, हे या हिशेबावरून ध्यानी यावे. म्हणून तडजोड अशी निघाली की, डीप चित्रात केवळ अल्फा आणि अंतर ठेवावयाचे, रंग सपाट चित्रात ठेवावयाचा, आणि कामाच्या वेळी तो नोंदींत परत वाटून द्यावयाचा. ही वाटणी अर्थातच ढोबळ असते: पुढचा काळा केस आणि मागचा तांबडा केस दोघांनाही एकच तपकिरी मिळतो, आणि मध्ये कोणी येईपर्यंत ते कोणाच्या लक्षात येत नाही.

या सर्व व्यवहाराला एक मान्य दस्तऐवज लाभला तो २०१३ साली, जेव्हा इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकने जन्माला घातलेल्या ओपन-ईएक्सआर या चित्रस्वरूपाच्या दुसऱ्या आवृत्तीत डीप नोंदींना जागा मिळाली. वर दिलेले दुभंगण्याचे गणित त्या सुमारास फ्लोरियन काइन्झ आणि हिलमन यांनी सविस्तर लिहून ठेविले आहे. न्यूकमध्ये डीपचे नोड त्याआधी दोन वर्षे आले होते. २०१४ च्या तांत्रिक पुरस्कारांत अकादमीने हिलमन यांना, डीपचे कार्यप्रवाह उभारणाऱ्या आणखी पाच जणांना, आणि सावलीच्या त्या जुन्या निबंधासाठी लोकोविक आणि वीच यांना, असा तिहेरी सन्मान दिला.

आता मर्यादा. काचेमागची वस्तू काचेतून वाकून दिसते तेव्हा रेंडर करणारी प्रणाली बहुधा काचेचेच अंतर नोंदविते, सबब काच आणि त्या वस्तू यांच्या दरम्यान पुढे काहीही सरकविता येत नाही. भिंगाचा धूसरपणा एका पिक्सेलचा रंग शेजाऱ्यांत पसरवितो आणि नोंदींची हद्दबंदी मोडून टाकतो. वानराची सावली धुक्यात पडावयाची तर ती रेंडरमध्येच पडली पाहिजे. मर्ज जागा वाटून देतो, प्रकाश नव्हे. आणि सर्वांत मोठी अडचण कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या दृश्याची, जिला प्लेट म्हणतात: तिला खोली मुळी नसतेच. नटाभोवती चौकटीचौकटीने रेघ ओढण्याचे जे रोटोचे काम, ज्याच्या जोरावर मुंबईतील अनेक मराठी मुलांनी या धंद्यात पहिले पाऊल ठेविले, ते येथे नव्या अर्थाने उपयोगी पडते. त्या सपाट आकृतीला अंदाजाने एक अंतर बहाल करून तिचे डीप चित्र केले जाते. पुढे केलेला हात आणि मागे राहिलेली कोपर यांना मग एकच अंतर मिळते, आणि ती चोरी उघडी पडू नये म्हणून हाताची रेघ निराळी काढून तिला निराळे अंतर द्यावे लागते. चित्रीकरणस्थळी कोणी फितीने मापे घेतली असतील तर उत्तम. नसतील तर रोटो करणाऱ्याची नजर हीच मोजणी.

जाण्यापूर्वी मी त्या बाईंना विचारले की, एवढे सारे हाताशी असताना प्रत्येक शॉट डीपमध्येच का करू नये. त्यांनी समोरची जोडणी दाखविली. त्या शॉटमध्ये आकाश, डोंगर, कुंपण, प्राणी, गवत आणि धूळ असे घटक होते, आणि त्यांतले शेवटचे तीनच डीप होते. “कुंपण कुंपणाच्या जागी आहे, डोंगर त्याच्या मागे आहे, यात कोणाला शंका आहे का? मग तिथं डीप कशाला? डिस्क भरते, मशीन अडकतं, आणि संध्याकाळी शॉट द्यायचा असतो.” एवढे बोलून त्यांनी त्या तरुणाला गवताच्या डाव्या कोपऱ्यातला मास्क पुन्हा तपासावयास सांगितला, कारण तेथे केसाळ शेपटी त्या रेघेखालून जात होती आणि पुसायची तेवढी पुसली गेली नव्हती.